कणीस सापडलं म्हणून भाकरी होत नाही

दर काही महिन्यांनी एक वाद कुठून तरी डोकं वर काढतोच. एक पार्टी म्हणते शेती आली म्हणून माणूस माणसात आला, गावं झाली, राज्यं झाली, देवळं झाली. दुसरी म्हणते छे, शेती हाच तर सापळा, शिकार करून कंदमुळं खाऊन बरा जगणारा माणूस एका गवताच्या नादी लागला आणि कंबर मोडेपर्यंत राबायला लागला, वर दात किडले, उंची घटली, राजा आणि सावकार मानगुटीवर बसले ते वेगळंच. परवा हाच वाद पुन्हा ऐकला आणि गंमत म्हणजे या वेळी दोन्हीकडून पुरावा म्हणून मकाच काढला गेला. एकाचं म्हणणं, मेक्सिकोत नऊ हजार वर्षांपूर्वी मका माणसाळला म्हणजे तेव्हापासून तिथे शेतकरी समाज होता. दुसऱ्याने अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या सांगाड्यांची रोगट हाडं पुढे केली. मग दोघं आपापली तारीख धरून तासभर भांडले.

मला विचाराल तर दोघांचंही चुकतंय, आणि एकाच जागी चुकतंय. मका आला म्हणजे शेती स्वीकारली असं दोघंही धरून चालतात, जणू एखाद्या सकाळी लोकांनी धनुष्यबाण खाली ठेवले आणि नांगर उचलला (तिथे नांगर नव्हताच, पेरायची काठी होती, पण असो). जमिनीतून निघालेला पुरावा नीट बघितला तर दिसतं की मक्याच्या पहिल्या खुणा आणि मक्यावर पोट भरणारी माणसं यांच्यात हजारो वर्षांचं अंतर आहे. त्या मधल्या काळाला क्रांती म्हणता येत नाही आणि सापळाही म्हणता येत नाही, आणि नेमका तोच काळ हे दोघं गिळून टाकतात.

आधी हे पीक काय आहे ते बघू. मक्याचा रानटी पूर्वज म्हणजे तेओसिंते नावाचं गवत, नैऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातलं. त्याच्या कणसाला पाच ते बारा दाणे, तेही एकेरी, प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात, आणि पिकलं की सगळे गळून मातीत. आज आपण पावसात लिंबू-मीठ चोळून खातो त्या कणसाशी त्याचं नातं आहे हे कुणाला पटत नव्हतं. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल मँगल्सडॉर्फ वर्षानुवर्षं सांगत राहिले की मक्याचा खरा पूर्वज म्हणजे कुठलातरी नष्ट झालेला रानटी मका. जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज बीडल मात्र तरुणपणापासून तेओसिंतेवर अडून बसले होते. या माणसाला १९५८ मध्ये दुसऱ्याच कामासाठी नोबेल मिळालं आणि रिटायर झाल्यावर ते परत मक्याकडे वळले. मका आणि तेओसिंते यांच्या संकरातून आलेल्या पुढच्या पिढीची सुमारे ५०,००० झाडं लावून त्यांनी मोजलं, तर पाचशेत साधारण एक झाड पूर्ण मक्यासारखं आणि तेवढंच एक पूर्ण तेओसिंतेसारखं निघालं, म्हणजे मोठे फरक करणारी जनुकं चार-पाचच असावीत. आधी त्यांनी हेही दाखवलं होतं की तेओसिंतेचे कडक दाणे तापवले की त्यांच्या लाह्या फुटतात. पुढे २००२ मध्ये जनुकीय अभ्यासाने बाल्सास खोरं आणि सुमारे ९,००० वर्षांचा आकडा दिला. पहिल्या पार्टीचा नऊ हजार म्हणजे हाच. आकडा बरोबरच आहे, पण ती वनस्पतीच्या बदलाची तारीख आहे, माणसाच्या ताटाची नाही.

मग माणसाच्या हातातला पुरावा कधीचा? त्याच बाल्सास खोऱ्यात, गेरेरो राज्यात, शिहुआतोश्तला नावाचा एक खडकाखालचा निवारा आहे. डोलोरेस पिपर्नो आणि अँथनी रानेर यांच्या टीमने २००९ मध्ये तिथल्या दळायच्या दगडांवरून, म्हणजे आपल्या पाट्या-वरवंट्याच्याच भाऊबंदांवरून, मक्याचे स्टार्चचे कण आणि फायटोलिथ काढले. फायटोलिथ म्हणजे झाडाच्या पेशीत साठलेली सिलिकाची अगदी बारीक खडी, झाड कुजतं पण ती राहते. वय सुमारे ८,७०० वर्षं, आणि सोबत भोपळ्याच्याही खुणा.

इथे या पुराव्यावर शंका घेणाऱ्यांचा एक मुद्दा खरंच दमदार आहे. स्टार्चचा कण डोळ्यांना दिसत नाही, तो कुठूनही येऊ शकतो. लॅबमध्ये घालायच्या काही हातमोज्यांना आतून जी पावडर असते ती चक्क मक्याच्या स्टार्चची! म्हणजे ज्या हाताने आठ हजार वर्षांपूर्वीचा मका शोधायचा त्याच हातावर आजचा मका लागलेला. ही भेसळ खरी आहे, त्यावर रीतसर अभ्यास झालेत, आणि नुसत्या चार कणांवर उभा केलेला कुठलाही दावा मीही बाजूला ठेवीन. पण शिहुआतोश्तलाचं तसं नाही. तिथे स्टार्चबरोबर फायटोलिथही आहेत, ते हातमोज्यातून येत नाहीत, आणि ते कणसाच्या भागातले आहेत, ताटाच्या, म्हणजे खोडाच्या, भागातले नाहीत. दोन वेगळ्या प्रकारचे साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा दोघांनाही खोटं पाडायला जास्त काहीतरी लागतं. तेव्हा मका होता, लोक तो वाटत होते, इथपर्यंत मला मान्य. यापुढची उडी मान्य नाही.

कारण पाट्यावर काय वाटलं यावरून त्या घरात रोज काय शिजत होतं ते कळत नाही. माझ्या स्वयंपाकघरातला खलबत्ता तपासला तर आम्ही वेलचीवर जगतो असं वाटेल. किंवा उलटं घ्या, उद्या कुणी आपल्या सिल्लोडकडची माती उकरली तर मक्याच्या खुणांनी ती भरलेली असेल, आणि शोधणारा ठामपणे लिहील की इथली माणसं मक्याची भाकरी खायची. प्रत्यक्षात तो मका जातो कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चच्या कारखान्याला आणि आता इथेनॉलला. पिकवणं, वापरणं आणि त्यावर जगणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि 'शेती कधी आली' या एका प्रश्नात आपण ती तिन्ही कोंबतो.

तारखांच्या शर्यतीचं आणखी एक दुखणं आहे. १९६० च्या दशकात रिचर्ड मॅकनीश यांनी पुएब्ला राज्यातल्या तेवाकान खोऱ्यातल्या गुहा खोदल्या आणि बोटाएवढी, त्याहूनही लहान कणसं बाहेर काढली. वय सांगितलं गेलं सात हजार वर्षांच्या घरातलं. जगभरच्या पुस्तकांत तो आकडा गेला. पण तेव्हा कार्बन डेटिंगला नमुना भरपूर लागायचा, इवलंसं कणीस त्यात खर्ची कोण घालणार, म्हणून आजूबाजूच्या कोळशाचं वय काढून तेच कणसाला चिकटवलं. आता कोरड्या गुहेत उंदीर-घुशी बिळं करणार, वरचं खाली जाणार, त्यात कणसासारखी हलकी चीज. १९८९ मध्ये नव्या पद्धतीने, जिला काही मिलिग्रॅमच पुरतात, थेट कणसांचंच वय काढलं आणि ते साधारण ५,५०० वर्षांवर आलं. शेजाऱ्याचं वय आपल्या नावावर लावलं की असं होतं. सध्या मेक्सिकोतली थेट वय काढलेली सगळ्यात जुनी कणसं वाहाका राज्यातल्या गिला नाकित्स गुहेतली आहेत, केंट फ्लॅनरी यांनी १९६६ मध्ये खोदलेल्या, वय सुमारे ६,२५० वर्षं, आणि त्यांना दाण्यांच्या ओळी दोन नाहीतर चार. पेरूच्या किनाऱ्यावर पारेदोनेस आणि वाका प्रिएता इथली तर आणखी जुनी आहेत, सुमारे ६,७०० वर्षांची. म्हणजे जिथे पीक जन्मलं त्या देशातल्या सगळ्यात जुन्या कणसापेक्षा हजारो किलोमीटर दक्षिणेकडचं कणीस जुनं! 'सगळ्यात जुनं कुठलं' ही स्पर्धा कोरडी हवा कुठे जास्त आहे यावर ठरते बऱ्याचदा.

हे लिहिताना आपल्याकडचं सोमनाथपूर आठवल्याशिवाय राहवत नाही. त्याच १९८९ साली एक शोधनिबंध आला की कर्नाटकातल्या होयसळ देवळांमधल्या मूर्तींच्या हातात मक्याची कणसं आहेत, म्हणजे कोलंबसाच्या आधी दोन-अडीचशे वर्षं मका भारतात होता. फोटो बघितले तर क्षणभर तुम्हीही हलाल, दाण्यांच्या ओळी तशाच दिसतात. १९९३ मध्ये पायक आणि सचान या मक्यातल्याच भारतीय तज्ज्ञांनी ते कणीस नसून मुक्ताफल, मोत्यांचं कल्पित फळ आहे असं उत्तर दिलं. मला त्यांचं पटतं, पण त्याहून साधा प्रश्न पुरेसा आहे. इतकं मोठं पीक देवाच्या हातात पोचलं आणि शेतात, राखेत, कोठारात, कवितेत, करवसुलीत कुठेच उमटलं नाही, असं कसं? दगडातलं कणीस पेरता येत नाही.

बरं, पण मग सुरुवातीचे लोक मक्याचं करत काय होते? एक तर्क असा की दाण्यासाठी नाही, ताटासाठी. तेओसिंतेच्या आणि मक्याच्या ताटात गोड रस असतो, तो चोखायचा नाहीतर आंबवून प्यायचा. आपल्याकडे कोवळ्या ज्वारीचं ताट चघळलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. शिहुआतोश्तलाच्या दगडांवर ताटाच्या खुणा नाहीत त्यामुळे निदान तिथे हा तर्क कमजोर पडतो, पण पुढच्या काळात मक्याचं पेय हे सणासमारंभाचं पेय होतंच, अँडीजमध्ये चिचा म्हणून आजही आहे. मला वाटतं नवं पीक नेहमी मागच्या दारानेच येतं. समोरच्या दारात रोजचं धान्य बसलेलं असतं, ते हलत नाही. आपल्या उपवासाचं ताट बघा ना. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, रताळं आणि आजचा साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदाचा होतो तो कंद, सगळी मंडळी मुळची अमेरिकेची! ती 'धान्य' नव्हती म्हणूनच उपवासाला चालून गेली असावीत, त्यांनी भाकरीची जागा मागितलीच नाही. म्हणून उद्या कुणी १६५० साली कोकणात रताळं सापडलं असं दाखवलं तर 'मराठी माणसाने कंदशेती स्वीकारली' म्हणायचं का?

आता जेवणाच्या ताटात खरंच काय होतं हे कळायचा एक रस्ता आहे आणि तो हाडांतून जातो. मका, ज्वारी, बाजरी, ऊस ही झाडं हवेतला कार्बन वेगळ्या रीतीने पकडतात, भात-गहू आणि बहुतेक रानभाज्या, फळं, झाडं दुसऱ्या रीतीने. त्यामुळे जड कार्बनचं प्रमाण बदलतं आणि खाणाऱ्याच्या हाडात तो हिशेब राहतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत उत्तर अमेरिकेतल्या मक्यासाठीच पहिल्यांदा वापरली गेली. यातही पळवाटा आहेत, निवडुंग आणि घायपातीच्या जातीची झाडंही मक्यासारखाच आकडा देतात, आणि दख्खनमध्ये तर ही युक्ती मक्यापुरती निरुपयोगी, ज्वारीने सगळं आधीच रंगवून ठेवलंय. पण मध्य अमेरिकेच्या दमट जंगलात ती चांगली चालते. तिथे बेलीझमधल्या दोन खडक-निवाऱ्यांत लोकांनी हजारो वर्षं आपले मृत पुरले, आणि २०२० मध्ये त्यातल्या ५२ जणांचा अभ्यास छापून आला. निकाल काय? ४,७०० वर्षांपूर्वीच्या आधीच्या माणसांच्या हाडात मका जवळजवळ दिसतच नाही. ४,७०० ते ४,००० या काळात आहारातला वाटा तीस टक्क्यांच्या आत. आणि ४,००० वर्षांपूर्वीपासून पुढे सत्तर टक्क्यांच्या वर. गेरेरोतला दगड आणि बेलीझमधली हाडं एका खोऱ्यातली नाहीत, त्यांची थेट वजाबाकी करू नये, हे मान्य. पण बेलीझ ज्यात येतं त्या माया प्रदेशातही मक्याचे सूक्ष्म अवशेष सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीपासून मिळतात, म्हणजे त्याच भागात धरलं तरी पहिल्या खुणेपासून मुख्य अन्न होईपर्यंत सुमारे अडीच हजार वर्षं. अडीच हजार वर्षं म्हणजे सम्राट अशोकाच्याही आधीपासून आजपर्यंत. इतका वेळ एखादी गोष्ट घरात असून ती मुख्य होत नाही, तर तिला सापळा कसं म्हणायचं? सापळ्याला दार असतं आणि ते एकदम बंद होतं.

या उशिराचं एक कारण पिकातच होतं. २०१८ च्या एका अभ्यासानुसार मका दक्षिण अमेरिकेत पोचला तेव्हा तो पूर्ण माणसाळलेलाच नव्हता, अर्धवट होता, आणि ॲमेझॉनच्या नैऋत्य भागात त्याच्यावर वेगळ्याने काम झालं. मग २०२२ मध्ये प्राचीन डीएनएवरून असं दिसलं की ५,६०० वर्षांपूर्वीनंतर दक्षिणेकडून माणसं माया प्रदेशात आली आणि बहुधा सुधारलेला मका त्यांच्याबरोबर आला. म्हणजे लेक सासरी गेली आणि नात होऊन माहेरी आली. शिवाय २०२३ मध्ये कळलं की मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं दुसरं तेओसिंतेही आजच्या मक्यात मिसळलेलं आहे. तेव्हा 'मका कधी माणसाळला' याला एक तारीख देणं मुळातच अवघड.

आता दुसऱ्या पार्टीची हाडं. इलिनॉयमधल्या डिक्सन माउंड्स या जुन्या दफनभूमीतले सांगाडे हा त्यांचा हुकमी एक्का आणि तो खोटा नाही. तिथे साधारण ९५० ते १३०० या काळात मक्यावरचा भर वाढला तशा दातांच्या खोडी वाढल्या, रक्तक्षयाच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या खुणा सुमारे चौपट झाल्या. वर काहोकिया या तिथल्याच जुन्या शहराच्या परिसरातली हाडं सांगतात की तिथे मका साधारण इसवी सन ९०० नंतर आला आणि झपाट्याने वाढला. माझ्या 'हळूहळू'च्या गोष्टीला हा सरळ धक्का आहे. पण तिथे कोण होतं ते बघा. त्या भागात लोक त्याआधी हजारो वर्षं सूर्यफूल, चाकवताच्या जातीचं बी, अशी स्वतःची पिकं घेत होते. त्यांनी शिकार सोडून शेती धरली नाही, एक पीक काढून दुसरं लावलं, हात आधीच तयार होता. आणि त्याच काळात दाट वस्ती, मातीचे प्रचंड उंचवटे, सरदारकी हे सगळं उभं राहत होतं. हाडांवरच्या खुणांचा दोष मक्यावर किती आणि गर्दीवर किती? हाडांचा आणखी एक पेच १९९२ पासून मांडला गेलाय, की रोगाची खूण हाडावर उमटायला माणूस तेवढा काळ जगावा लागतो, जो लगेच मेला त्याचं हाड स्वच्छ दिसतं. शिवाय जिथे पोरं जास्त जन्मतात तिथल्या स्मशानात लहान हाडं जास्त असणारच. डिक्सनचे लोक सुखात होते असं मी म्हणत नाहीये, पण तेवढ्यावरून बाल्सास खोऱ्यातल्या आठ हजार वर्षांपूर्वीच्या बाईला 'तू चूक केलीस' असं सुनावता येत नाही.

आणि मक्याने माणूस आजारी पडतो हे जिथे निर्विवाद खरं आहे ते ठिकाण बघा. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, साल काढून मग वाटतात, त्यामुळे त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपीय लोकांनी दाणा उचलला आणि चुना तिथेच ठेवला. परिणाम, १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियासमध्ये गास्पार कासाल नावाच्या डॉक्टरने एका विचित्र त्वचारोगाची नोंद केली, तो पुढे उत्तर इटलीत पेलाग्रा नावाने पसरला, विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत हजारोंनी मेले. तिथे शेती शतकानुशतकं होती, नवं होतं ते फक्त बी, आणि त्याचं ज्ञान मागे राहिलं होतं. म्हणजे मका 'स्वीकारणं' म्हणजे दाणा, दगड, चुना, भांडं आणि ते कसं वापरायचं हे माहीत असलेली आजी, असा सगळा संच. मध्य अमेरिकेला तो संच जुळवायला जो वेळ लागला त्याला पहिली पार्टी 'मागासलेपण' म्हणते. मला तो शहाणपणा वाटतो.

पहिल्या पार्टीसाठी अजून एक ठिकाण आहे. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सोकोनुस्कोमध्ये पासो दे ला अमादा इथे साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कायमचं गाव होतं, सुंदर मातीची भांडी होती, बडी घरं होती आणि चेंडूच्या खेळाचं बांधीव मैदान होतं, मध्य अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. त्या भागातल्या त्या काळच्या माणसांच्या हाडात मका अगदी बेताचा, पोट खाडीतल्या मासळीवर आणि रानावर. 'आधी धान्य, मग गाव, मग प्रमुख' ही पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांच्या नवाश्मयुगीन क्रांतीपासून आपण शाळेत घोकलेली शिडी तिथे उलटी पडलेली आहे. मका तिथे होता, पण गाव त्याने वसवलं नव्हतं.

आता ॲरिझोनात चला. तिथे मका चार हजार वर्षांपूर्वी पोचला, आणि टुसॉन शहराजवळ पाट काढून भिजवलेली छोटी छोटी वाफ्यांची शेतं सापडली आहेत. त्यातल्या एका ठिकाणी, सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी, चिखलात पावलं उमटली आणि वर पुराचा गाळ बसून ती तशीच राहिली. मोठ्या माणसांची आहेत, पोराची आहेत, कुत्र्याचीही आहेत. बहुतेक दारं धरायला आलेली माणसं असावीत, पोरगं मागे लागून आलं असेल. मका येऊन हजार-दीड हजार वर्षं झाली होती, आणि याच लोकांच्या चुलीत मक्याच्या जोडीला मेस्किट नावाच्या काटेरी झाडाच्या शेंगा, रानबिया आणि ससे अजून होतेच.